सांगोल्याचं वाया गेलेलं अर्धशतक

महाराष्ट्रातल्या मागास मतदारसंघांची यादी कुणी करायला घेतली, तर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याला त्यात मानाचं पान वाढावं लागेल. पाऊस कमी आणि माळ फार, हे त्याचं कारण नव्हे; ते सगळ्या माणदेशाचं दुखणं आहे. कारण असं, की या तालुक्याने एकाच माणसाला, एकाच पक्षातून, अकरा वेळा आमदार केलं. आणि एवढ्या अवधीत त्या गृहस्थांना दुसरा पक्ष काही सापडला नाही.

1962, 1967, मग 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. विजयी उमेदवार: गणपतराव देशमुख. पक्ष: शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. पुढच्या सगळ्या रकान्यांत ‘वरीलप्रमाणे’. आता सांगा, याला काय इतिहास म्हणायचं? नावाजलेल्या मतदारसंघांत एका आमदाराच्या एका मुदतीत जेवढ्या घडामोडी होतात, तेवढ्या इथे पन्नास वर्षांत झाल्या नाहीत. अभ्यासकांनी खायचं काय?

बरं, आदर्श समोर नव्हते असंही नाही. 1967 साली, म्हणजे गणपतराव दुसऱ्यांदा निवडून आले त्याच वर्षी, हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून देशाला वाट दाखवली. ‘आयाराम गयाराम’ हा मंत्र तिथूनच निघाला. महाराष्ट्राने तो पुढे किती मनोभावे जपला हे आपण पाहतोच. सांगोल्यापर्यंत मात्र तो पोचला नाही. पाण्यासारखंच झालं ते.

आबासाहेबांचे (तालुका त्यांना असंच म्हणतो) दुसरे दोष तर सांगायलाच नकोत. ते एसटीने फिरायचे. एसटीत एका बाकावर ‘आमदारांसाठी राखीव’ असं रंगवलेलं असतं, ते तुम्हीही वाचलं असेल. उभ्या महाराष्ट्राने तो महामंडळाचा विनोद म्हणून सोडून दिला आहे. सांगोल्यात एक आमदार खरोखर त्या बाकावर बसायचा! अशाने कंडक्टरचाही गोंधळ होतो आणि पांढऱ्या गाड्यांच्या धंद्यावरही परिणाम होतो. निवडणुकीला लोक वर्गणी काढायचे, हा आणखी एक अडाणीपणा. आज विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे आणि तेवढ्यात भागवणारा उमेदवार कागदावर तरी प्रत्येक मतदारसंघात सापडतो. मतदाराकडून पैसे घ्यायचे, ही उलटी गंगा फक्त सांगोल्यात.

वृत्तपत्रांनी मात्र या माणसाला वारंवार ‘जागतिक विक्रम’ बहाल केला. आपल्याकडे जग म्हणजे साधारण कागलपासून गोंदियापर्यंत असतं, त्यामुळे ते क्षम्य आहे. केरळातल्या पाला मतदारसंघात के. एम. मणी 1965 ला निवडून आले ते 2019 मध्ये देह ठेवीपर्यंत तिथलेच आमदार होते. तेरा निवडणुका, एकही पराभव नाही. त्यांना हरणं जमलंच नाही. आबासाहेबांना ते दोनदा जमलं आणि सांगोल्याचा खरा इतिहास त्या दोन फटींतूनच आत येतो.

पहिला पराभव 1972 चा. काँग्रेसच्या त्या लाटेत भलेभले वाहून गेले होते, त्यामुळे त्याची गंमत नाही. दुसरा 1995 चा, तो बघण्यासारखा. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील तेव्हा जिंकले, 192 मतांनी. 192 माणसं म्हणजे चार एसटी, थोडी उभी धरून. एवढी माणसं सांगोल्याच्या स्टँडवर कधीही भेटतात. त्या दिवशी कुणाची गाडी चुकली, कोण पुण्या-मुंबईला कामाला होतं, कोण ‘आबा येतातच की’ म्हणून बांधावरून हललं नाही, याचा हिशेब पाच वर्षं चालला असणार. ठरलेल्या विजयासारखा घातकी प्रकार नाही. पडायची भीती असलेला उमेदवार म्हातारीला खाटेसकट बूथवर आणतो; निवडून येणारच असलेल्याचा कार्यकर्ता दुपारी वामकुक्षी घेतो.

या निकालाने बापूंना निवडणुकीची गोडी लागली. इथे त्यांच्याबद्दल आदर व्यक्त केला पाहिजे. कारण 1995 नंतरचा त्यांचा पुढचा विजय थेट 2019 चा. चोवीस वर्षं! आमदार होणं अवघड नाही, माजी आमदार म्हणून चोवीस वर्षं टिकणं अवघड. मध्येच ते काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, म्हणजे चळवळ म्हणतात ती तालुक्यात थोडी तरी जिवंत राहिली. 2014 ला शिवसेनेकडून लढूनही पंचवीस हजारांहून जास्त मतांनी पडले, तेव्हा आबासाहेब नव्वदीच्या उंबऱ्यावर होते. कुणी दुसरा असता तर सरळ डाळिंबं लावून बसला असता.

आबासाहेबांच्या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. विरोधक विचारायचे: अकरा वेळा आमदार, दोनदा मंत्री, मग पाणी कुठाय? प्रश्न रास्त होता. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा ही नावं सांगोल्याच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होत असतील. त्या पाण्यासाठी परिषदा झाल्या, मोर्चे झाले, ठराव झाले, आणि कालवे सरकारी गतीने, म्हणजे आजोबांनी अर्ज करावा आणि नातवाने चारीत पाय बुडवावेत, अशा बेताने सरकले. मतदारसंघाने बहुतेक काळ आमदार विरोधी बाकावर पाठवला, त्याची ही किंमत होती असं शहाणे सांगतात. मला दुसरंच वाटतं. मुंबईतल्या प्रत्येक सरकारला आबासाहेब फार आवडायचे. ते बोलायला उठले की सभागृह गप्प बसायचं, सगळे पक्ष त्यांच्या साधेपणाचे गोडवे गायचे. सत्तेने त्यांचे सत्कार वेळेवर केले. पाणी उशिरा दिलं.

2019 ला त्यांनी स्वतः थांबून नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना, पुढे केलं आणि बापू 768 मतांनी जिंकले. 192 वरून 768. बरोबर चौपट! चोवीस वर्षांत विजय चौपट झाला, असा अहवाल कुठल्याही सरकारी खात्याने आनंदाने छापला असता. 2021 च्या जुलैत आबासाहेब गेले.

आणि मग जून 2022. शिवसेनेतल्या एकनाथ शिंदेंच्या बंडात बापूही सामील, सुरतमार्गे गुवाहाटी. तिथून बापूंनी गावाकडच्या कार्यकर्त्याला फोन केला, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणाले, आणि चोवीस तासांत सांगोला हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. गाणी झाली, टी-शर्ट झाले, लग्नाच्या वरातीत लोक त्यावर नाचले. पन्नास वर्षांचं विधिमंडळातलं काम एका पारड्यात आणि एक फोन दुसऱ्या पारड्यात घातला, तर काटा कुठे झुकला हे सांगायला नको.

तरी मी बापूंच्या बाजूचा आहे. त्या हॉटेलात त्या आठवड्यात जेवढे आमदार होते, त्यातले बाकीचे विचारधारेबद्दल बोलत होते, निधीबद्दल बोलत होते, अस्मितेबद्दल बोलत होते. एकटा माणूस खिडकीबाहेर जे दिसलं ते बोलला. ज्या तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो, जिथे त्याच सुमाराला खोडकिडीने डाळिंबाच्या बागाच्या बागा उपटून बांधावर टाकाव्या लागत होत्या, तिथल्या माणसाला आसामातली हिरवाई बघून गहिवर नाही येणार तर काय येणार? त्या सबंध सत्तांतरातलं ते बहुधा एकमेव खरं वाक्य होतं. म्हणून तर लोक एवढे हसले.

2024 ला हे सगळं मतपेटीत उतरलं. मैदानात बापू होते, शिंदेंच्या शिवसेनेतून. ठाकरेंच्या शिवसेनेतून दीपकआबा साळुंखे होते; याच दीपकआबांनी 2019 ला बापूंना हात दिला होता, पण पाच वर्षांपूर्वीचं लक्षात ठेवणं हे आजकाल तब्येतीला बरं नसतं. शेकापकडून आबासाहेबांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. म्हणजे आबांचा नातू, बापू आणि आणखी एक आबा. बाहेरच्याला वाटावं बारशाला जमलेत. त्यात शेकाप आणि ठाकरेंची शिवसेना हे दोघेही एकाच महाविकास आघाडीत होते आणि समोरासमोर लढत होते. याला राजकारणात मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. भावकीत याच प्रकाराला दिवाणी दावा म्हणतात.

डॉ. बाबासाहेब पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. 2014 ला आजोबांनी बापूंना जेवढ्याने पाडलं होतं, जवळजवळ तेवढ्यानेच. दहा वर्षं, एक पक्षफूट, एक सत्तांतर, एक जगप्रसिद्ध फोन, आणि सांगोला परत 2014 च्याच आकड्यावर येऊन उभा. या लोकांवर कशाचा परिणामच होत नाही.

पुन्हा ‘वरीलप्रमाणे’ सुरू होणार की काय, या धास्तीने मी पक्षांतरबंदीचा कायदा काढून वाचला आणि थोडा धीर आला. विधानसभेत त्या निकालानंतर शेकापचा आमदार एकच. गटनेता तेच, प्रतोद तेच, बैठकीला हजर तेच आणि गैरहजर राहिले तर नोटीस काढायची तीही त्यांनीच. पक्ष दुसऱ्यात विलीन करायचा तर कायदा दोन तृतीयांश आमदार मागतो. चाळीस-चाळीस माणसं विमानात घालून, दोन राज्यं ओलांडून, हॉटेलचे मजलेच्या मजले अडवून जी जुळवाजुळव करावी लागते, ती सांगोल्याला घरबसल्या उपलब्ध आहे. डॉक्टरसाहेब एकटेच तीन तृतीयांश आहेत. एवढी सोय असून हा मतदारसंघ ती वापरायचं नाव घेत नाही, तेव्हा अडाणीपणाला औषध नाही हेच खरं. बाकी आमदार-राखीव बाक सध्या रिकामा आहे. ज्येष्ठ नागरिक त्यावर पिशव्या ठेवतात.