झाकली मूठ

कर्ज काढावं तर थायलंडसारखं. १९९७ पूर्वीची काही वर्षं बँकॉकच्या वित्त कंपन्यांना परदेशी डॉलर स्वस्त व्याजानं मिळत होता आणि गावात बाटचं व्याज बरंच चढं होतं. डॉलरचा भाव सुमारे २५ बाट, तोही सरकारनंच बांधून दिलेला. इकडून डॉलर घ्यायचे, तिकडे बाट वाटायचे, मधला फरक खिशात. यात धोका काय, असं विचारणारा म्हणजे मुदत ठेवीची पावती उशाशी घेऊन झोपणारा प्राणी.

धोका एवढाच की, कर्ज काही महिन्यांचं आणि त्यातून उठणाऱ्या इमारतींचा पैसा यायचा कैक वर्षांनी. हातउसन्यावर बंगल्याचा पाया खणावा, तसं. सावकार मुदत वाढवून देत होता, तोवर सगळेच अर्थतज्ज्ञ.

मग सटोडिये बाटवर तुटून पडले. मध्यवर्ती बँकेनं तो सावरायला डॉलर विकले, पण वायद्यानं, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर. त्यामुळे तिजोरीचा आकडा कागदावर गुटगुटीत राहिला. दागिने सराफाकडे गहाण, कपाटाची किल्ली कमरेला! १९९७ च्या ऑगस्टमध्ये मूठ उघडली, तेव्हा २३.४ अब्ज डॉलर वायद्यांत अडकल्याची कबुली निघाली.

त्याआधी ३० जूनला पंतप्रधान चवलित योंगचायुध यांनी देशाला सांगितलं होतं, अवमूल्यन होणार नाही. २ जुलैला बाट बाजारावर सोडला. शब्द पाळला म्हणायचं. अवमूल्यन केलं नाही, नुसता हात सोडला. पुढच्या जानेवारीत डॉलर ५० बाटच्या पार गेला. डॉलरमधलं कर्ज घरबसल्या दुप्पट झालं, एक छदाम नव्यानं न उचलता.

कारवाई झालेल्या ५८ वित्त कंपन्यांपैकी ५६ कायमच्या बंद. दहावीचा निकाल असा लागला असता, तर मुख्याध्यापकांची बदली झाली असती. एक धनाढ्य गुंतवणूकदार गळ्यात खोका अडकवून रस्त्यावर सँडविच विकू लागला. त्या सगळ्या गोतावळ्यात रोखीनं धंदा करणारा बहुधा तो पहिलाच.

शेजारच्या मलेशियात पंतप्रधान महाथिर यांनी खापर चलनांचा सट्टा खेळणाऱ्या जॉर्ज सोरोसवर फोडलं. सट्टेबाज काही साधुसंत नव्हेत, पण कडी न लावता झोपायचा ठराव त्यांनी मांडला नव्हता. थायलंडसाठी नाणेनिधीनं १७.२ अब्ज डॉलरची मदत जुळवली आणि सोबत पथ्याची यादी दिली: व्याज वाढवा, खर्च कापा. आजाऱ्याला आधी उपास, मग औषध.

बँकॉकमधल्या साथोर्न युनिक या ४९ मजली मनोऱ्याचं काम १९९७ मध्येच थांबलं. ते पुढे कधी पुरं झालंच नाही.