नकार देणारी परिषद शोधा

दुपारी गोषवारा पाठवला आणि संध्याकाळच्या चहाच्या आत स्वीकृतीपत्र आले, तर आनंद मानू नका. तुमचा गोषवारा कुणी वाचलेलाच नाही.

जानेवारी ते मार्च हा आपल्या महाविद्यालयांत परिषदांचा हंगाम. व्हॉट्सॲपवर पत्रके येऊ लागतात: ‘एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद’. गोषवारा अडीचशे शब्दांचा, नोंदणी शुल्क ऑनलाइन, आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकात प्रसिद्धी, प्रमाणपत्र ईमेलने. एकाच दिवसात मराठी कविता, रसायनशास्त्र, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण. हे सगळे गोषवारे तपासणार कोण? पत्रकावर बीजभाषकाचा फोटो असतो, परीक्षण समितीचे नाव बहुधा नसतेच.

या पिकाचे बी नियमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या संशोधन-गुणांचा तक्ता दिला. निबंधवाचन राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर केले तर 2 गुण, राष्ट्रीय पातळीवर 3, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 5. मग तालुक्याच्या गावातली परिषदही आंतरराष्ट्रीय होते. परदेशातला एक पाहुणा पडद्यावर दिसला की झाले. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना 2016 च्या नियमाने प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंधवाचने सक्तीची केली होती. 2022 च्या नियमावलीत ती सक्ती गेली. विद्यार्थी मात्र अजून फाइलसाठी प्रमाणपत्रे गोळा करत आहेत, आणि मार्गदर्शक त्यांना थांबवत नाहीत.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. 2016 साली न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे ख्रिस्तोफ बार्टनेक यांना अणुभौतिकीच्या एका परिषदेचे निमंत्रण आले. हा त्यांचा विषय नव्हता. त्यांनी ‘अणू’, ‘अणुकेंद्रीय’ असे शब्द टाइप केले, पुढचे शब्द मोबाइल सुचवेल तसे घेतले आणि तो निरर्थक मजकूर गोषवारा म्हणून पाठवून दिला. तीन तासांत तो स्वीकारला गेला. पाठोपाठ नोंदणीची मागणी आली. वक्त्याचे शुल्क होते 1,099 डॉलर. परिषद भरवणारी कॉन्फरन्स सिरीज ही कंपनी हैदराबादच्या ओमिक्स समूहाशी जोडलेली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या समूहावर फसवणुकीचा दावा लावला, आणि 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. संमती न घेता नामवंतांची नावे परिषदेच्या जाहिरातीत वापरली, हाही त्या दाव्यातला एक आरोप होता.

दोष फक्त आयोजकांचा नाही. आपले गोषवारेही तपासायला बसा. ‘प्रस्तुत शोधनिबंधात ग्रामीण स्त्रियांच्या समस्यांचा आढावा घेण्यात आला आहे.’ कोणत्या स्त्रिया? कुठल्या तालुक्यातल्या? किती जणींशी बोललात, कोणत्या साली? काय सापडले? एकाचेही उत्तर त्या वाक्यात नाही, म्हणून ते कुठल्याही वर्षी कुठल्याही परिषदेला चालते. आता असा मजकूर संगणक क्षणात लिहून देतो, तेव्हा त्याची किंमत शून्य झाली आहे.

गोषवाऱ्याला चार गोष्टी पुरतात: प्रश्न, साधने, निष्कर्ष आणि त्या निष्कर्षाने आधीच्या समजात पडणारा फरक. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे हंगामात मुलांच्या शाळेची सोय कशी लावतात, हा प्रश्न आहे. अमुक गावांतली हजेरीपत्रके आणि आयांच्या मुलाखती, ही साधने. त्यातून जे दिसले ते एका वाक्यात सांगा. काम अर्धे झाले असेल तर अर्धे झाले आहे असेच लिहा. जो निष्कर्ष अजून हाती नाही, तो आधी कबूल करून नंतर त्याच्या मापाने माहिती कापू नका. निबंधाचे नाव शेवटी ठरवा.

आणि असा गोषवारा तिथेच पाठवा, जिथे त्यातली चूक कुणाला तरी दिसेल. इंडियन हिस्टरी काँग्रेस या इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन 1935 साली पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात भरले. इतिहासाच्या अभ्यासकाने इतिहासाच्या अभ्यासकांपुढे उभे राहून बोलावे, यासाठीच अशा परिषदा असतात. समोरून खोडून काढणारा प्रश्न येऊ शकतो ही धास्ती असली, की माणूस घरी चार वेळा कागद तपासतो. सगळ्या विषयांची मोट बांधली की ती धास्ती संपते आणि तपासणेही संपते.

आयोजकांकडे काही मागण्या आहेत. गोषवारे कोण वाचणार ते पत्रकावर छापा. किती आले आणि किती नाकारले ते परिषदेच्या दिवशी जाहीर करा. नाकारलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचे कारण कळवा, कारण नवख्या संशोधकाला त्या दोन ओळी प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकवतात. शुल्काचा विषय स्वीकृतीनंतर काढा. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आणि अजून शिकत असलेल्या मुलांकडून ते घेऊच नका.

संशोधक विद्यार्थ्यांनो, पुढचे पत्रक आले की आयोजकांना एकच विचारा: गेल्या वर्षी तुम्ही किती गोषवारे नाकारले? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर पैसे वाचवा आणि तो दिवस ग्रंथालयात घालवा.