कुठेतरी पाणी मुरतंय

जुन्या डिझेल गाडीचं बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभा असलेला साठीचा गृहस्थ दोनच कारणांनी तसा उभा असतो. एक तर गाडी बंद पडलेली असते, नाहीतर त्याने तिला हायड्रोजनचं किट बसवलेलं असतं. पहिल्या प्रकारचा गृहस्थ येणाऱ्याजाणाऱ्याकडे आशेने बघतो. दुसऱ्याकडे आपण बघायचं नसतं, कारण नजरानजर झाली की अर्धा तास गेला. ‘या, हे बघा. बुडबुडे दिसतायत?’ दिसतात. बॅटरीशेजारच्या पारदर्शक डब्यात बुडबुडे येत असतात हे कुणालाच नाकारता येत नाही, आणि अण्णांचा सगळा युक्तिवाद त्या निर्विवाद बुडबुड्यांवर उभा असतो. अण्णा हे नाव आपलं सोयीसाठी. पिंपरी-चिंचवडला हा माणूस कंपनीतून निवृत्त झालेला डिप्लोमावाला असतो, तासगावकडे द्राक्षबागायतदार, तळकोकणात वीजमंडळातला माजी वायरमन. संस्कृतचे प्राध्यापक या वाटेला गेल्याचं ऐकिवात नाही. अण्णांना विज्ञान येत नाही असं कुणी समजू नये. थोडं येतं, आणि सगळा घोळ त्या थोड्याचाच आहे. शाळेच्या पुस्तकात पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवल्यावर एका नळीत हायड्रोजन आणि दुसऱ्या नळीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन जमलेला त्यांनी पाहिलेला असतो. शाळेत शिकलेल्या इतक्या गोष्टी पुढे वाया गेल्या, निदान ही एक तरी वसूल करायची, असा त्यांचा निर्धार असतो.

गाडीही ठरलेली. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीतली २.६ लिटर टर्बोवाली स्कॉर्पिओ, किंवा सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं मिरवणारी सुमो. तिने पंधरा वर्षं कधीच ओलांडलेली असतात, फेरनोंदणी झालेली असते, पर्यावरण कराची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेली असते. मुलगा म्हणतो, विकून टाका. सून म्हणते, पार्किंग अडतंय. अण्णांना मात्र या गाडीत अजून हात घालता येतो. नव्या गाडीचं बोनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि त्याखाली काय आहे ते फक्त कंपनीच्या लॅपटॉपला कळतं. जुन्या टर्बो डिझेलमध्ये पाइप पाइपासारखा असतो, बेल्ट बेल्टसारखा, आणि एअर फिल्टर ते टर्बो या वाटेत एक भोक पाडून बारीक नळी खोचायला भरपूर जागा असते. किट तिथेच लागतं. स्टीलच्या प्लेटांचा गठ्ठा, पाण्याची टाकी, गॅस गाळून घ्यायला बबलर, एक रिले, एक फ्यूज आणि डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चमचाभर कॉस्टिक पोटॅश घालायचं, इंजिन सुरू झालं की डायनॅमोची वीज प्लेटांना मिळते, पाण्याचं विघटन होतं, गॅस हवेबरोबर आत जातो, आणि ॲव्हरेज तीस टक्के वाढतं. शेवटचा दावा सोडला तर यातलं सगळं खरं आहे.

आता हिशोब. अण्णांना हिशोब आवडतो, त्यामुळे त्यांच्याच भाषेत बोलायला हरकत नाही. मिनिटाला एक लिटर गॅस देणारं किट हे चांगलं किट समजलं जातं. त्या लिटरात हायड्रोजन दोन तृतीयांश, आणि तो जाळून मिळणारी शक्ती साधारण १२० वॅट. तो बनवायला किट बॅटरीच्या तारेतून २५० ते २७५ वॅट ओढतं. हे वॅट अल्टरनेटर देतो, पण बेल्टकडून घेतलेल्यातले निम्म्याहून थोडे जास्तच तो परत देतो, बाकीचे तापण्यात घालवतो. म्हणजे बेल्टवर साडेचारशे वॅटचा बोजा. इंजिन तरी कुठे सगळं परत देतं? डिझेलच्या उष्णतेतला एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचला तरी पुष्कळ, उरलेला रेडिएटर आणि सायलेन्सर वाटून घेतात. म्हणून त्या साडेचारशेसाठी साडेतेराशे वॅटचं डिझेल जाळावं लागतं. ताशी हिशोबाने बोलायचं तर अण्णा कपभर डिझेल, सुमारे १३५ मिली, जाळून पाण्यातून गॅस काढतात आणि तो गॅस त्यांना अडीच चमचे डिझेलची कामगिरी करून देतो. ताशी सत्तरच्या वेगाने जाणारी गाडी तासाला सहा लिटर पिते, त्यामुळे हा कप सहज हरवतो. तोटा दोन टक्क्यांचा, म्हणजे डोळ्यांत भरण्याइतका मोठा नाही, आणि किटचं सगळं आयुष्य या एका सवलतीवर चाललेलं आहे.

‘पण डायनॅमो फिरतोच आहे ना? वीज फुकटच की!’ हा अण्णांचा पहिला बाण. त्याला उत्तर अण्णांच्याच गाडीत आहे. रात्री गाडी आयडलिंगला असताना हेडलाइट आणि पंखा एकदम लावले की इंजिनाचा आवाज क्षणभर जड होतो. हे अण्णांनीच मुलाला लहानपणी कान देऊन ऐकायला लावलेलं असतं. अल्टरनेटर नुसता फिरणं वेगळं आणि अँपिअर देत फिरणं वेगळं, रिकामा आणि भरलेला हातगाडा ढकलण्याइतकं वेगळं. दुसरा बाण जास्त टोकदार आहे आणि तो शिकलेल्या अण्णांकडूनच येतो: ‘तुम्ही त्याला इंधन समजता तिथेच चुकता. तो उत्प्रेरक आहे. डिझेल पूर्ण जळायला मदत करतो.’ हे ऐकून समोरचा गप्प बसतो, कारण उत्प्रेरक हा शब्दच असा आहे की त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. विचारायला हवा. कारण गरम झालेल्या, धड स्थितीतल्या डिझेल इंजिनात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त इंधन तसंही जळतं. उरलेले दोन टक्के वसूल केले तरी त्यातून तीस टक्के निघणार कसे? शिवाय २२०० आरपीएमला ती स्कॉर्पिओ टर्बोच्या मदतीने मिनिटाला तीन-साडेतीन हजार लिटर हवा ओढते. त्या हवेत हायड्रोजन पेट घेण्याइतका दाट व्हायला किमान चार टक्के लागतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर. अण्णांच्या नळीतून येतो पाऊण लिटरही नाही. पंचपक्वान्नांच्या पंगतीला कुणी एकच केशराची काडी पाठवावी आणि स्वयंपाकाला चव आपल्यामुळे आली म्हणावं, तसं हे.

तिसऱ्या बाणाला ‘नासा’ असं नाव आहे. अमेरिकेच्या नासाने १९७७मध्ये खरोखरच एक अहवाल काढला होता आणि त्यात हायड्रोजन घातल्याने ज्योत वेगाने पसरते असं खरोखरच म्हटलेलं आहे. पण ते इंजिन पेट्रोलचं होतं, प्रश्न पेट्रोलचं मिश्रण आणखी पातळ करून चालवता येईल का हा होता, आणि हायड्रोजन आला होता बाटलीतून किंवा मिथेनॉलवर चालणाऱ्या वेगळ्या यंत्रातून. डिझेल इंजिन मुळातच भरपूर जादा हवेत, पातळ मिश्रणावर चालतं. ज्याचा आधीच उपास आहे त्याला डाएटचा तक्ता देण्यात अर्थ नाही. चौथा बाण देशी: ‘गडकरीसाहेब हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, ते काय खोटं?’ अजिबात खोटं नाही. ३० मार्च २०२२ला ते टोयोटा मिराईतून गेले. मात्र त्या गाडीत हायड्रोजन ७०० बार दाबाच्या टाक्यांत बाहेरून भरून आणलेला असतो, फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते आणि विजेवर मोटर फिरते. दिल्लीत २०२०मध्ये ५० बसवर प्रयोग झाला त्यातही सीएनजीत सुमारे १८ टक्के हायड्रोजन मिसळलेला होता. हायड्रोजनवर चाक फिरतं, याबद्दल वादच नाही. वाद एवढाच आहे की त्याच चाकाने फिरवलेल्या डायनॅमोवर तो हायड्रोजन बनवून फायदा कसा उरेल.

इथवर आलं की अण्णा आवाज खाली आणतात आणि स्टॅन्ली मायरचं नाव घेतात. हा ओहायोतला गृहस्थ पाण्यावर गाडी चालवतो म्हणायचा. ‘संपवला त्याला तेलकंपन्यांनी.’ १९९८मध्ये एका हॉटेलात तो अचानक कोसळून गेला हे खरं. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं निदान केलं हेही खरं. पण त्याच्या दोन वर्षं आधी ओहायोच्या न्यायालयात तज्ज्ञांनी त्याचं यंत्र तपासून हे नेहमीचंच विद्युत अपघटन आहे असं सांगितलं होतं आणि न्यायालयाने फसवणूक ठरवून दोघा गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले होते, हा भाग अण्णांपर्यंत पोचलेला नसतो. योगायोग असा की त्याच १९९६ साली आपल्याकडे तमिळनाडूच्या रामर पिल्लईंचं वनस्पतींचं पेट्रोल गाजत होतं. त्यांना २०१६मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७०च्या दशकापासून इंधन वाचवणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली. नाव घेण्यासारखा फायदा फार थोड्यांत दिसला, तोही जेमतेम. आणि तेलकंपन्यांचंच म्हणाल, तर हजारो ट्रक पदरी बाळगणारा ट्रान्सपोर्टवाला काही त्यांचा जावई नव्हे. डिझेलच्या लिटरमागे रुपया वाचतोय म्हटलं तर तो ट्रकच्या टपावर विहीर खणेल. त्याने किट का लावलं नाही, या प्रश्नावर अण्णा फक्त सूचक हसतात.

तरीही अण्णांची वही खोटं बोलत नाही, आणि हेच या माणसाचं खरं कोडं आहे. निळ्या शाईत तारीख, किलोमीटर, लिटर. किटच्या आधी ११.१, किटच्या नंतर १३.२. अण्णा प्रामाणिक आहेत. एक आकडासुद्धा फुगवणार नाहीत. मग वाढलं कशामुळे? थोडं मोजण्यामुळे: पंपावरची नोझल फेसाला फसून बंद होते, पंचवीस लिटरच्या भरण्यात दोन लिटरचा फरक पडला की आठ टक्के तिथेच हलले. थोडं गॅरेजमुळे: किट बसवताना मेस्त्रीने कळकट एअर फिल्टर बदलला, ऑइल बदललं, टायरमध्ये हवा भरली. काळा धूर कमी झाला तो फिल्टरमुळे, श्रेय गेलं बबलरला. बाकी सगळं अण्णांच्या उजव्या पायामुळे. किट लागल्यापासून त्यांची नजर अँपिअरच्या काट्यावर असते, ॲक्सिलरेटर ते अंड्यावर पाय ठेवल्यासारखा दाबतात, पुढे सिग्नल दिसला की लांबूनच गाडी सोडून देतात, आणि नव्वदची गाडी पासष्टने हाकतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नव्वदला जेवढा असतो त्याच्या जेमतेम निम्मा पासष्टला. तेव्हा ॲव्हरेज वाढलं यात नवल काहीच नाही. किट इंजिनाला बसलेलंच नाही, ते अण्णांना बसलं आहे.

‘मग झालं की! कशाने का होईना, वाढलं ना?’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महिनोन्‌महिने जो संयम बायकोच्या ‘हळू चालवा हो’ने आला नाही तो चार प्लेटा आणि एका काट्याने आणला असेल, तर त्या प्लेटांना नमस्कार करायला काय हरकत आहे? हरकत पोटॅशला आहे. ते कातडी आणि डोळे जाळतं, आणि अण्णा ते लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवतात. पोटॅश संपलं म्हणून कुणी मीठ घातलं तर क्लोरिन निघतो. प्लेटांचं स्टील हलकं असेल तर पाणी तपकिरी होतं, आणि त्या गाळात असणारं क्रोमियम मोरीत ओतून देण्यासारखं नसतं. बबलर कोरडा पडला आणि ज्योत उलटी फिरली तर डबा फुटतो. अपघात झालाच तर विम्याचा सर्व्हेअर त्या नळ्यांकडे अण्णांच्या प्रेमाने बघणार नाही, आणि आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल म्हणून मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२चा विषय निघाला तर आरटीओही नाही. सगळ्यांत मोठं नुकसान मात्र शांतपणे होत असतं. इंजेक्टरचं टपकणारं नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन, टर्बोचं गळकं सील ही जुन्या गाडीची खरी दुखणी. किटच्या पैशांत यातली निदान दोन मार्गी लागली असती. पण नोझल दुरुस्त केलं तर दाखवणार काय? त्यातून बुडबुडे येत नाहीत.

अण्णांचं मतपरिवर्तन होईल अशी आशा बाळगणाऱ्यांनी फ्यूजची गोष्ट लक्षात घ्यावी. वीस-पंचवीस अँपिअर रोज सोसणारा फ्यूज कधी ना कधी उडतोच. काटा आधीच अडकलेला असतो, पावसाळ्यात बोनेट फारसं उघडलं जात नाही, आणि दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालताना अण्णांच्या ध्यानात येतं की फ्यूज काळा पडलाय, डब्यातलं पाणी स्थिर आहे आणि पातळी जूनमध्ये होती तिथेच आहे. वही उघडली जाते. जुलै १३.१, ऑगस्ट १३.३, सप्टेंबर १३.२. गुन्हा सिद्ध करायला कुठल्याही न्यायालयाला एवढा पुरावा पुरेल. अण्णा चष्मा वर सरकवतात, आकडे पुन्हा एकदा बोटाने मोजतात, आणि नवा फ्यूज दाबून बसवत समाधानाने म्हणतात, ‘बघा, चार महिने गॅस नव्हता तरी इंजिनाने सवय सोडली नाही.’