व्हेअर एक बरोबर दोन

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात अण्णांना ‘कसे आहात’ असं कुणी विचारत नाही. अण्णा डीबीए, म्हणजे डेटाबेसचे राखणदार. त्यांच्या टेबलाशी माणूस जातो तो सिस्टिम झोपल्यावरच. मान वर न करता ते विचारतात, “काय बदललं?” समोरचा आईची शपथ घेऊन सांगतो, “काहीच नाही.” मग अण्णा चष्मा कपाळावर चढवतात आणि काय बदललं ते शोधतात.

परवा एका पोरीने आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलेले ग्राहक हुडकायला क्वेरी मारली. लाइक, टक्का, कर. सगळं ठप्प.

“अगं, इंडेक्स म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. ‘कु’वर बोट ठेवलं की कुलकर्णी सापडतो. तू म्हणतेस शेवटी ‘कर’ असलेले आण. मग पहिल्या पानापासून वाचत बसण्यावाचून गत काय?” त्यांनी एक जादा स्तंभ काढला, त्यात आडनावं उलटी भरली आणि त्यावर इंडेक्स लावला. आता आमच्याकडचे नगरकर ‘रकरगन’ म्हणून नांदतात, पण क्षणात सापडतात.

‘बॅकअप आहे’ हे वाक्य अण्णांपुढे उच्चारू नये. “रिस्टोअर करून कधी पाहिलास?” इथून पूर्वरंग सुरू होतो आणि आख्यान ठरलेलं: गिटलॅब, ३१ जानेवारी २०१७. दमलेल्या इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअप आणि प्रतींची सोय पाच तऱ्हांची, भरवशाची एकही नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली, म्हणून निभावलं. “पाच!” अण्णा पंजा दाखवतात. टाळ तेवढे कमी असतात.

तरी माणूस उदार. स्क्रिप्ट मागितली की देतात. वर मराठीत टीप: आधी डिलीटच्या जागी सिलेक्ट लिही, ओळी मोज, मग बिगिन, मग डिलीट, आकडा जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. तळाशी मात्र न बोलता एक अट घातलेली असते: व्हेअर १ = २. एक काही दोन होत नाही, त्यामुळे एकाही ओळीला धक्का लागत नाही.

पाच मिनिटांत पोरगा परत येतो. “अण्णा, शून्य ओळी! स्क्रिप्ट चालत नाही.”

“चालली की. तू वाचली नाहीस.”

तुमच्या ऑफिसातही एखादे अण्णा असतीलच. त्यांनी स्क्रिप्ट दिली, तर शेवटची ओळ आधी वाचा.