सव्वीस अंशांचा माणूस

पळस्पे फाट्यावर रस्ते फुटतात. एक जुना पुण्याचा, एक गोव्याचा. मे महिन्याची सुट्टी लागली की अर्धी मुंबई इथून समुद्राकडे निघते. या गर्दीकडे गॅलरीतून तुच्छतेने बघणारा एक गृहस्थ इथल्या बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत हमखास सापडतो. त्याला समुद्रावर जायचं नसतं. त्याचा समुद्र त्याच्या हॉलमध्ये, शोकेसच्या जागी असतो. दोनशे लिटरचा. तो टाकून कुठे जाताही येत नाही, हे मात्र त्याच्या बायकोचं म्हणणं.

ओळखायची खूण सोपी. ‘काय म्हणता?’ विचारलं की आपण ‘चाललंय’ म्हणतो. हा म्हणतो, ‘सव्वीस पॉइंट चार.’

गोड्या पाण्याचे गप्पी-गोल्डफिश पाळणारा माणूस वेगळा. तो रविवारी कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीत मासे आणतो, दोन मेले तर हळहळतो, पुढच्या रविवारी परत जातो. खाऱ्या पाण्याचा माणूस हळहळत नाही, तो कारणं शोधतो. पाण्याच्या खारेपणाचा काटा 1.025 वर आहे ना, हे तो स्वतःचा बीपी विसरून तपासतो. पनवेलची खाडी फार लांब नसताना आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ मोजून कालवतो. ‘खाडीतनंच दोन कॅन आणा की,’ असं कोणी सुचवलं, तर तो त्या माणसाशी पुढचे दोन दिवस बोलत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानेच घरातल्या लाद्या पुसल्या जातात. या संसारात हा एकच व्यवहार वहिनींच्या फायद्याचा.

होळी झाली की याचा खरा मोसम सुरू होतो. आंबा कधी उतरेल याची चिंता दुनियेला. याला काळजी पारा कधी चढेल याची. मार्च 2017 मध्ये आपल्याच रायगडातल्या भिऱ्याने 46.5 अंश नोंदवले होते, हा आकडा तो घरच्या लग्नाच्या तारखेसारखा सांगतो. (लग्नाची तारीख विचारू नका. वहिनी समोर असतात.)

तसं पाहिलं तर टाकीतले क्लाउनफिश उष्ण कटिबंधातलेच. एखाद्या अंशाने ते दगावत नाहीत. गोम वेगळीच आहे: पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमका त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला, असा हा हिशोब. हे त्याने मला एका लग्नाच्या पंगतीत समजावलं. मठ्ठा गरम झाला, पण विषय समजला.

पहिला उपाय पंखा. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडायचा. त्याचं गणित ऐकण्यासारखं आहे. एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर ती जाताना दोनशे लिटरची टाकी सुमारे तीन अंशांनी उतरेल एवढी उष्णता घेऊन जाते. उलट, लिटरभर बर्फाची बाटली टाकीत सोडली तर जेमतेम अर्धा अंश. म्हणजे बर्फाचा नुसताच गाजावाजा, काम वाफ करते. मात्र वाफ होते ती गोड्या पाण्याची. मीठ मागेच राहतं आणि खारेपणा चढतो. म्हणून जेवढं उडालं तेवढं साधं आरओचं पाणी रोज वरून घालायचं. खारं घातलं तर आठवड्याभरात टाकीचं लोणचं.

पण पळस्प्याची हवा म्हणजे पुण्याची नव्हे. याचा एक पुणेकर स्नेही आहे. त्यालाही हाच नाद. एप्रिलात तो फोन करून सांगतो, ‘अहो, साधा टेबलफॅन लावा, आमच्याकडे तेवढ्यात भागतं.’ भागणारच. तिथली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं. इथे मे अर्धा सरला की खाडीवरून दमट वारा येतो, दोरीवरचा टॉवेल दुपारपर्यंत वाळत नाही, मग टाकीतलं पाणी कुठून उडणार? पंखा नुसता फिरतो. फिरताना खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे भिंतीवर उडवतो आणि ते वाळून पांढरा, खरबरीत थर बसतो: टाकीच्या काचेवर, स्विचबोर्डावर, शेजारी टांगलेल्या सत्यनारायणाच्या तसबिरीवर. दर शनिवारी वहिनी ओल्या फडक्याने देव पुसतात तेव्हा ‘समुद्रातून वर आलाय नुकता’ असं काहीतरी पुटपुटतात.

म्हणून मग चिलर येतो. चिलर म्हणजे पाण्याचा फ्रिज. पाण्यातली उष्णता काढतो आणि कुठे टाकतो? हॉलमध्ये. मासे सव्वीसवर आणि माणसं छत्तीसवर, अशी स्थिती आली की घरात एकदा कडाक्याचं भांडण होतं आणि हॉलला एसी लागतो. याच घरात दोन उन्हाळे मुलाची दहावी-बारावी पंख्यावर झाली होती. वहिनी ते विसरलेल्या नाहीत.

एसी लागल्याची बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागत नाही. दुपारी शेजारची मंडळी ‘मासे बघायला’ येतात. पत्ते घेऊन येतात. हा कोणाला नको म्हणत नाही, पण चेहऱ्यावर आकडेमोड दिसते. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण शंभर वॅट उष्णता टाकत असतो. रमीचा डाव बसला म्हणजे पाचशे वॅट. चहा झाला म्हणजे आणखी. त्याच्याकडे पाहुण्याचं स्वागत ‘या’ने होतं आणि बोळवण वॅटने.

वरच्या मजल्यावर मूळच्या इथल्याच एक आगरी आजी राहतात. त्या काचेला नाक लावून दोन बोटांएवढे ते केशरी मासे बघतात, किंमत विचारतात, चिलरची विचारतात, एसीची विचारतात आणि म्हणतात, ‘यवऱ्या पैशान जितारा आला असता.’ ज्याने रायगडचा जिताडा खाल्लाय त्याला या युक्तिवादाला उत्तर नाही. यालाही नाही. तो फक्त पडदा ओढून घेतो.

टाकीत जे प्रवाळ दिसतं, ते सिरॅमिकचं आहे. खरं प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि या बाबतीत हा माणूस देवाला घाबरावं तसा कायद्याला घाबरतो. मात्र बोलायला लागला की खऱ्या प्रवाळाविषयीच बोलतो: पाणी एखाद-दुसरा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या पोटातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं, 1998 मध्ये लक्षद्वीपला असंच झालं. एरवी डिग्रीवर येऊन थांबणारा हा माणूस इथे थोडा गप्प होतो. बाहेरच्या समुद्राला चिलर लावता येत नाही, हे त्या इमारतीत बहुधा त्याच्या एकट्याच्याच डोक्यात असतं.

त्याची कसोटी लाईट गेली की. भर दुपारी पंखे थांबतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘लाईट?’ ‘लाईट??’ सुरू होतं. हा लिहितो, ‘27.9.’ खालून कोणीतरी लिहितं, ‘आमच्या बाळाचं अंग भाजतंय हो.’ हा लगेच लिहितो, ‘घेऊन या. आमच्याकडे अजून गार आहे. दार मात्र पटकन लावा.’ तोवर त्याने सेलवरचा हवेचा पंप टाकीत सोडलेला असतो, कारण लाईट गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू, गारवा नंतर. टाकीला चादर गुंडाळलेली असते. टाकीचे दिवे तर मे महिन्यात तो रात्रीच लावतो, म्हणजे दुपारच्या उन्हात त्यांची भर नको. मग फ्रीझर उघडतो. त्यात आइस्क्रीम नाही, मटार नाहीत, कैरीचं पन्हं नाही. नुसत्या बाटल्या, गच्च बूच लावलेल्या. बर्फ सुटा टाकला तर वितळून खारेपणा बिघडतो, म्हणून बाटलीत. एक सोडायची, वितळली की दुसरी. घाईने तीन सोडल्या तर पाणी झटकन उतरतं आणि मासे उन्हापेक्षा त्या धक्क्यानेच आजारी पडू शकतात. एवढ्या गडबडीतही हा एका वेळी एकच बाटली सोडतो. घरात इतका संयम त्याने दुसऱ्या कशात दाखवल्याचं ऐकिवात नाही.

वहिनींनी माहेरच्या लग्नाला एकटीने जाऊन आल्यावर जे सांगितलं तेच माझंही मत आहे: माणूस वाईट नाही, फक्त त्याच्याकडे एप्रिल ते जून काही मागू नये.

तुम्ही मे महिन्यात पळस्प्याला अशा घरी गेलात, तर आंबे नेऊ नका, फ्रिजमध्ये जागा नसते. एक लिटरची बाटली साध्या पाण्याने पाऊण भरून गोठवा, लेबल आणि डिंक पूर्ण खरवडून काढा, बूच घट्ट लावा आणि टॉवेलात गुंडाळून न्या. आणि आत गेल्यावर दार पटकन लावा.