कडी कोणी वाजवली?

वाईच्या आमच्या जुन्या घराला पुढच्या दारावर पितळी कडी होती आणि आजीला ती रात्री-अपरात्री वाजलेली ऐकू यायची. "अरे, कडी वाजली." मग कंदील, मग आजोबांची काठी, मग आम्ही पोरं डोळे चोळत मागे. दार उघडावं तर बाहेर वारा, नाहीतर मांजर. शेवटी आजीनंच तोड काढली. उठायचं नाही, अंथरुणातूनच मोठ्यानं खाकरायचं. माणूस असेल तर खाकरण्याला जबाब देतो. वाऱ्याला कुणाच्या खाकरण्याचं काय!

भाच्याच्या गाडीतही अशी एक आजी बसवलेली आहे हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तिला नॉक सेन्सर म्हणतात. दिसायला मोठ्या सुपारीएवढी, मधोमध भोक, आणि त्यातून एकच बोल्ट घालून इंजिनच्या ब्लॉकला आवळलेली. पोटात एक खडा. स्वयंपाकघरातल्या लायटरमध्ये असतो त्याच जातीचा, दाब पडला की वीज देणारा. ब्लॉक थरथरला की खडा दाबला जातो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला निरोप जातो, कडी वाजली.

खरी कडी, म्हणजे नॉक, वाजते ती अशी. ठिणगी पडते, तिथून ज्योत सिलिंडरभर पसरत जाते आणि तिनं क्रमानं सगळं पेट्रोल-हवा जाळायचं असतं. पण दाब आणि उष्णता फार झाली की कोपऱ्यातल्या मिश्रणाला धीर धरवत नाही. वाढपी पोचायच्या आतच पंगतीच्या टोकाच्या मंडळींनी जिलेबीवर हात मारावा, तसं ते आपलं आपणच पेटतं. त्या धक्क्यानं सिलिंडर घंटेसारखा वाजतो. घंटा जेवढी लहान तेवढा सूर वरचा. ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडराचा सूर सेकंदाला साधारण साडेसात हजार कंपनांचा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा हा आवाज फार काळ चालू राहिला तर पिस्टनच्या कडा तुटतात. म्हणून निरोप मिळताच कॉम्प्युटर ठिणगी दोन-चार अंश उशिरा पाडतो. गाडी मंद होते, पण वाचते. मग काही झालं नाही असं पाहून भीतभीत पुन्हा मूळ जागेवर येतो.

भाच्यानं गाडीला काय काय केलं होतं ते ताईला अजून सगळं माहीत नाही. टर्बोचा दाब वाढवला, रिमॅप केलं म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचा कॉम्प्युटरमधला नकाशा बदलला, सायलेन्सरचा पुढचा पाईप रुंद घातला, इंजिनखालची रबरी माउंटिंग काढून कडक बसवली. एवढा खर्च करून गाडी पूर्वीपेक्षा मठ्ठ झाली. लॅपटॉपवर कारण दिसत होतं. मिनिटाला ३,८०० फेऱ्यांना कडी वाजत होती आणि कॉम्प्युटर ठिणगी मागे मागे नेत होता. निनावी पत्र आलं म्हणून एखाद्या गरीब कारकुनाची बढती अडकावी, तसला प्रकार.

भोसरीकडच्या एका गॅरेजात मिस्त्रींसमोर हे प्रकरण गेलं तेव्हा मी सोबत होतो. भाच्याच्या एका मित्रानं लगेच सल्ला दिला, "सेन्सरची संवेदना कमी करून टाकू ना!" मला आजोबा आठवले. आजीच्या जागरणांना कंटाळून त्यांनी एकदा कडीलाच चिंधी गुंडाळली होती. घर आठवडाभर शांत झोपलं. आठव्या रात्री काका मुंबईहून शेवटच्या एस.टी.नं आले आणि सकाळी ओट्यावर बॅग उशाला घेऊन झोपलेले सापडले. मी हे सांगितलं तर मिस्त्री म्हणाले, "साहेब, काका ओट्यावर झोपले. पिस्टन झोपत नाही, फुटतो."

मग मिस्त्रींनी जे केलं ते हुबेहूब आजीचं खाकरणं होतं. नकाशात ठिणगी तीन अंश मागे घेतली. खरा नॉक असेल तर एवढ्यानं गप्प बसायला हवा, निदान आवाज उतरायला हवा. काही नाही. मग टाकीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली सहसा उतावीळ होत नाही. तरी ३,८०० ला कडी वाजतच होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, अर्धा दाबा, तिची वेळ तीच. आणि तिन्ही सिलिंडरांच्या नावावर सारखीच नोंद. खरा नॉक भार पाहून येतो, बहुधा एखाद्याच सिलिंडरला आधी धरतो. "हा वारा आहे," मी म्हणालो. मिस्त्रींना वारा कळला नाही, पण मान डोलावली.

या खाकरण्याला मोठी परंपरा आहे. १९१६ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली याच आवाजाच्या मागे लागले होते. केटरिंगला वाटलं, इंधन लाल रंगाचं असेल तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नॉक थांबेल. भांडारात तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून मिजलीनं आयोडिन घातलं. नॉक कमी झाला! दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी पेढे वाटले असते. मिजलीनं खरे लाल रंग आणून घालून पाहिले. नॉक जसाच्या तसा. श्रेय रंगाचं नव्हतंच, आयोडिनचं होतं. पुढे याच माणसानं १९२१ मध्ये पेट्रोलात शिसं घालायची युक्ती काढली आणि ते शिसं आपल्याकडच्या पंपांवरून जायला २००० साल उजाडलं. असो.

इकडे गॅरेजात गाडी रॅम्पवर चढली. मिस्त्रींनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाशी धरली आणि डोळे मिटले. एवढ्या लॅपटॉपांच्या गर्दीत तो माणूस वैद्य नाडी बघतो तसा उभा होता. मग इंजिन बंद करून त्यांनी सायलेन्सरच्या पुढच्या पाईपवर एक गुद्दा घातला. खण्ण! उष्णता अडवायला लावलेल्या पत्र्याचा एक टाका सुटला होता आणि तो ठरावीक फेऱ्यांना पाईपवर ताल धरत होता. पूर्वी रबरी माउंटिंग असली कुरकुर गिळून टाकायची. कडक माउंटिंगनं ती थेट आजीच्या कानात पोचवली. चाळीस रुपयांची होज क्लिप आवळली आणि ३,८०० ची रेघ सपाट झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही दिवे घाटात होतो. शेजारी बसून लॅपटॉप सांभाळायचं काम माझ्याकडे. शिवाय मित्रानं बनवलेलं एक यंत्र माझ्या कानावर चढवलं होतं: फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी, एक टोक ठेचून भोक पाडून ब्लॉकला आवळलेलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कारखान्यात आवाज अडवायला घालतात तसले कान. चढाला भाच्यानं तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. मधल्याच एका सिलिंडरची रेघ दीड अंश खाली आली. त्यानं गाडी बाजूला घेतली, नकाशात ठिणगी एक अंश मागे केली, मागे वळून पुन्हा तोच चढ घेतला. रेघ जागची हलली नाही.

"मामा, हा खरा होता!" पहिलं बाळ पाहिल्यासारखा चेहरा. "अस्सल! तुला ऐकू आला ना? टिक् टिक्?"

वय झालं की वरचे सूर आधी जातात. मला वाऱ्याशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं. मी नुसताच खाकरलो.