गाण्याचे बारा कसे वाजवावेत

चौघं गिटार, बेस आणि ड्रम घेऊन जमलात, म्हणजे आता ईपी काढल्याशिवाय तुम्ही काही थांबत नाही. घरच्यांनीही हे ओळखलंय. आमच्या बँडचे आजवर दोन ईपी आले. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही फरक पडणार नाही. एमपीएससीत दोनदा आपटलेला दादा ज्या अधिकाराने नव्या पोरांना पुस्तकांची यादी देतो, त्याच अधिकाराने पुढचं मार्गदर्शन करतोय. वही काढा.

१. नाव ठेवा. एक प्राणी आणि एक घरगुती वस्तू, दोन्ही इंग्रजीत. सर्च केल्यावर तुमच्याऐवजी गाद्यांचं दुकान दिसलं, की नाव जमलं.

२. ड्रमर शोधा. पुण्यात गिटारवाले सोसायटीगणिक तीन मिळतात, ड्रमर मात्र चार बँडांत मिळून एक. शेअर रिक्षासारखा असतो, भरल्याशिवाय निघत नाही. त्यातून पावसाळा लागला की तो ढोल पथकाच्या सरावाला नदीपात्राकडे पळतो आणि अनंत चतुर्दशीपर्यंत फोन उचलत नाही. त्याच्यावर चिडू नका. तुमच्यासमोर चाळीस माणसं असतात, त्यातली पंधरा पुढच्या बँडची. लक्ष्मी रोडवर त्याला दुतर्फा गर्दी मिळते, आणि तिथे कुणी त्याला ‘जरा हळू वाजव’ म्हणत नाही.

३. रेकॉर्ड करा. स्टुडिओचा तासाचा दर विचारू नका, घरीच करा. अँप आईच्या कपाटात ठेवा. साड्या बाहेर काढू नका. कांजीवरमसारखा आवाज शोषणारा माल कुठल्याही दुकानात मिळत नाही. वर आजीची गोधडी टाका आणि समोर एसएम५७ माइक उभा करा. तो स्पीकरच्या मधोमध रोखला तर आवाज टोचतो, बोटभर कडेला सरकवला की मऊ पडतो. बँडमधलं पहिलं मोठं भांडण या बोटभर अंतरावरून होतं. होऊ द्या. अडीच तासांनी माइक जिथे होता तिथेच परत येतो.

मग सोलोचा तो एकमेव बरा टेक येईल, आणि नेमकी तेव्हाच खाली महापालिकेची कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत वळण घेईल. आमच्या दुसऱ्या ईपीत, तिसऱ्या गाण्यात, ती अजून ऐकू येते. टेक पुसू नका. ‘शहराचा पोत’ म्हणून ठेवून द्या. रोज सकाळी अख्खी गल्ली बादल्या घेऊन त्या गाण्याला धावते. असा प्रतिसाद तुम्हाला मिळायचा नाही, तेव्हा तिच्याबरोबर नाव लागलं तर उपकारच समजा.

मास्टरिंगवाल्याला ‘अजून जोरात’ एवढंच सांगत राहा. तो करेलही, पैसेही घेईल. नंतर स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून बसवतं, ही गोष्ट त्याला ठाऊक असते.

४. शैली ठरवा. गाता येत नसेल तर शूगेझ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पोरं स्टेजवर मान खाली घालून पेडलकडे बघत वाजवायला लागली, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे हा सराव आधीपासून आहे. मुलगी बघायला गेलेला मुलगा चहा येईपर्यंत आपल्या मोज्यांकडे बघतो, तसंच बघायचं. गिटार पंधरा हजारांची असेल तर पेडल अठरा हजारांचं घ्या. रीव्हर्ब इतका ठेवा की शब्द कळू नयेत.

५. तरी शब्द लिहावेच लागतात. इंग्रजीत लिहिलेत तर ‘मराठीत का नाही?’ मराठीत लिहिलेत तर ‘अजय-अतुलसारखं का नाही?’ दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस एकच असतो आणि तो ऐकत कुठलंच नाही.

६. तारीख धरा. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. तुम्हीही शुक्रवारच घ्या, म्हणजे हिंदी सिनेमांशी आणि टेलर स्विफ्टशी समोरासमोर गाठ पडेल. गाणं निदान सात दिवस आधी चढवा आणि प्लेलिस्टसाठी अर्ज करा. त्यात गाण्याचा मूड विचारतात आणि ५०० अक्षरांत गाण्याची गोष्ट सांगायला लावतात. गाणं चार मिनिटांत लिहून झालं होतं, या अर्जाला आम्हाला दोन रविवार लागले. शेवटी ‘एकटेपणा’ लिहिलं. सगळेच तेच लिहितात, म्हणे.

७. स्टेजवर जा. २०१० साली पुण्यात पहिला एनएच७ वीकेंडर झाला. तेव्हापासून इथला प्रत्येक बँड ‘पुढच्या वर्षी आपण’ असं म्हणत आलाय. तोवर एखादा पब धरा. मालक तुमची गाणी ऐकत नाही, ‘किती माणसं आणाल?’ एवढंच विचारतो. आकडा सांगताना दोन्हीकडचे चुलतभाऊ धरा. गर्दीत एक काका असतीलच. १९८६ साली मुंबईत रंगभवनला सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक त्यांनी पाहिलेला असतो. ‘तुम्ही रॉक मशीन ऐकलंत का?’ असं विचारून ते खांद्यावर हात ठेवतील आणि आता तसं काही उरलं नाही, हे सविस्तर समजावतील. ऐकून घ्या. तिकीट काढून आलेले ते एकटेच आहेत.

८. पैशांकडे या. ३० सेकंदं वाजलं की एक स्ट्रीम धरतात. म्हणजे गाणं एकतिसाव्या सेकंदाला बिघडलं तरी चालतं. आमची सुरुवातच १ मिनिट ४० सेकंदांची आहे, नुसता डिले. लोक गायक येण्याआधी पळतात, पण तोवर मोजले गेलेले असतात. हे योगायोगाने झालं, तरी आता आम्ही त्याला धोरण म्हणतो.

पुढचं नीट लिहून घ्या. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर स्पॉटिफाय त्या गाण्याची रॉयल्टी देत नाही. मावशीने रोज तीनदा ऐकलं तर वर्षाचे १,०९५ होतात. पण वेगवेगळ्या श्रोत्यांचीही एक किमान संख्या लागते, आणि ती किती हे कंपनी सांगत नाही. त्यामुळे एका मावशीवर भागत नाही. आत्या, काकू, मामेबहिणी, सगळ्यांशी आजपासून नीट वागा. लग्नकार्य चुकवू नका. पंगतीत वाढायला उभे राहा, मठ्ठ्याचं भांडं हातात असताना प्री-सेव्हची लिंक मागे लागून देता येते.

९. टी-शर्ट छापू नका. छापलेच तर एक्सएल कमी छापा. आमचा बेसिस्ट अजून रात्री तेच घालून झोपतो.

१०. गुरुवारी रात्री जागे राहा. बाराला गाणं येईल. बारा वाजून एक मिनिटाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. काका अंगठा देतील, आत्या ‘छान, अभ्यास कसा चाललाय?’ विचारेल, आणि आई आतल्या खोलीतून ओरडेल की कपाटातल्या साड्यांना सोल्डरिंगचा वास येतोय. यातलं कशालाच उत्तर देऊ नका. आकड्यांचं पान उघडा आणि दर दोन मिनिटांनी खाली ओढून ताजं करत राहा. पुणे ११. मुंबई ४. ठाणे १, ती मावशी. आणि पहाटे तीनच्या सुमाराला अचानक मेक्सिको सिटी २.

छाती धडधडेल. ड्रमरला मात्र उठवू नका, तो सकाळपर्यंत परदेश दौरा ठरवून बसेल. आधी बेसिस्टला फोन करून विचारा, की बाबा, व्हीपीएन तू तर लावला नाहीस ना?